राखून ठेवलेली हाक

डिम्पनानं रेकॉर्डर लोण्याची बशी आणि मार्मलेडची बरणी यांच्या मधोमध ठेवला आणि लाल बटण दाबलं. समोर बसलेल्या मॅलकीनं हातातला पाव खाली ठेवला, किटलीवरची लोकरीची टोपी उचलली आणि ती शांतपणे रेकॉर्डरला घातली.

"चहा गार होईल," ती म्हणाली.

"होऊ दे. याला थंडी वाजायला नको."

टोपी त्यांच्या आईनं विणलेली होती, कोंबडीच्या आकाराची, लाल तुऱ्यासकट. कोंबडी अंड्यावर बसावी तशी ती त्या यंत्रावर बसली होती आणि आतला दिवा विणीतून मिणमिणत होता.

"त्यानं काही होत नाही, मॅलकी. त्याला ऐकू येतंच."

"येऊ दे की. माझा खोकला ऐकेल. सध्या या घरात ऐकण्यासारखं तेवढंच आहे."

आणि तो खोकला. आधी तिला चिडवायला, मग खराखुरा, टेबलाची कड धरून. डिम्पनानं पाण्याचा ग्लास पुढे सरकवला आणि खिडकीबाहेर पाहत राहिली, कारण आपल्याला खोकताना कुणी बघितलेलं तिच्या भावाला आवडत नसे.

येत्या गुरुवारी गॉलवेच्या इस्पितळात त्याच्या घशाचं ऑपरेशन होतं. गाठ निघणार होती आणि गाठीबरोबर स्वरयंत्रही. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नव्हता: जीव वाचेल, आवाज राहणार नाही. मॅलकीनं ही बातमी डब्लिनला बहिणीला फोनवर दिली ती अशी, की पाऊस थांबत नाहीये, तांबड्या गाईला कालवड झाली, आणि हो, पुढच्या महिन्यात माझा आवाज जातोय. गावात त्यानं कुणालाही सांगितलं नव्हतं. लोक हळहळतात आणि मग केक घेऊन येतात, म्हणाला.

त्या फोननंतर डिम्पनानं एकच गोष्ट केली होती. 'कंदील' नावाची एक संस्था ज्या गावांत पुस्तकाचं दुकान नाही, ग्रंथालय नाही, तिथे लेखकांना घेऊन जाते. दरवर्षी दोन-तीन नावाजलेल्या लेखकांना ती आपले साहित्यदूत नेमते आणि प्रत्येक दूतानं आपल्या पसंतीच्या जागी एक कार्यक्रम करायचा असतो. यंदाच्या दूतांत डिम्पना गॅरिटी होती. तिचा कार्यक्रम स्लायगोच्या नाट्यगृहात ठरला होता, तिकिटंही निघाली होती. तिनं तो रद्द करायला लावून ड्रमअस्लात, आपल्या गावी, चर्चमागच्या हॉलमध्ये हलवला. 'मुळांकडे परतणं' वगैरे काहीतरी कारण तिनं संस्थेला दिलं आणि संस्थेला ते फार आवडलं. खरं कारण आता कोंबडीखाली बसलं होतं. मॅलकीचा आवाज जाण्याआधी तो कुठेतरी साठवून ठेवायचा, एवढंच तिला हवं होतं. एक गोष्ट. अर्धी चालली असती.

"दूत म्हणजे नक्की काय गं?" मॅलकीनं पावाला पुन्हा लोणी लावायला घेतलं. "गाडीवर झेंडा लागतो का?"

"नाही."

"व्हिस्की बिनजकातीची मिळते?"

"नाही रे."

"मग कसली दूत! नुसतंच सोनाराचं नाव, कानात बाळी नाही." त्यानं कोंबडीखाली हात घातला, चाचपून बटण बंद केलं आणि टोपी पुन्हा किटलीवर चढवली. "दुपारी सँडविचेस आहेत ना? मग मी येतो. पण मागे बसणार."

*

डिम्पना लहान होती तेव्हा त्या वस्तीतलं जमायचं घर म्हणजे गॅरिटींचं स्वयंपाकघर. हिवाळ्यात गुरांचं आटोपलं की माणसं एकेक करून यायची, येताना दलदलीतून कापून वाळवलेल्या पीटचं एखादं ढेकूळ काखेत मारून आणायची आणि चुलीत टाकून भिंतीला टेकायची. वडील असेपर्यंत खिडकीपाशी त्यांच्या खुर्चीत बसून असायचे, आजारी आणि अबोल. ते गेल्यावर ती खुर्ची तशीच राहिली, पण माणसं यायची थांबली नाहीत. आई चिमटा हातात धरून सगळ्यांवर नजर ठेवायची, आग विझू द्यायची नाही आणि कुणाला पेंगू द्यायची नाही.

तिथे मानाच्या हाकेची रीत होती. गाणं झालं, गोष्ट झाली, की म्हणणाऱ्याला हाकेचा मान मिळायचा. पुढचं नाव त्यानं घ्यायचं. ज्याचं नाव निघालं त्यानं उठायचं. गळा बसलाय, पाय दुखतोय, सकाळी लवकर उठायचंय, काही चालायचं नाही. पुष्कळदा हाक मॅलकीच्याच नावानं यायची. तो तेव्हा विशीतला, हाडकुळा, आणि गोष्ट सांगायला लागला की त्याचे हात दुसऱ्याच कुणाचे तरी व्हायचे. माणूस बुडताना सांगितला तर पुढच्या रांगेतले लोक पाय वर घेत.

डिम्पना बाकड्याखाली असायची. तिथून माणसांचे बूट दिसत आणि बुटांवरून गोष्ट कुठे पोचली ते कळे. तिच्या नावानं हाक आली की तिची पाचावर धारण बसे. तोंड उघडायची, शब्द फुटायचा नाही. मग आई चिमट्यानं चुलीची कड वाजवायची आणि म्हणायची, "राखून ठेवा तिची हाक. येईल तिची वेळ." माणसं हसायची, हाक दुसरीकडे जायची. वर्षानुवर्षं हे असंच चाललं, आणि डिम्पनाची वेळ काही आली नाही.

तिनं पुढे लिहिलं. डब्लिनला गेली, नोकरी धरली, आणि रात्री बसून त्या स्वयंपाकघरातलं सगळं कागदावर उतरवलं. पहिल्या पुस्तकानं तिचं नाव झालं. गावानं ते पुस्तक डोक्यावर घेतलं, ज्यांनी वाचलं नाही त्यांनी तर जास्तच. एका शनिवारी पॅकी मुलवीच्या पबमध्ये मॅलकी एक गोष्ट सांगत होता, होडीतल्या दोन भावांची, आणि कुणीतरी मध्येच म्हणालं, "थांब थांब, ही तर तुझ्या बहिणीच्या पुस्तकातली. शेवटी धाकटा बुडतो."

मॅलकीनं आपला ग्लास संपवला. भांडला नाही, रागावला नाही. पण त्यानंतर त्यानं गोष्ट सांगितली नाही. हाक आली की तो पीट आणायला म्हणून बाहेर जाई आणि उशिरा परते. हळूहळू गावाला कळलं आणि गावानं त्याचं नाव घेणं सोडलं. अशा बाबतीत आमच्याकडची माणसं फार समजूतदार असतात. जिथे दुखतंय तिथे बोट लावणार नाहीत, पण कुठे दुखतंय हे कुणाला सांगणारही नाहीत.

डिम्पनाला हे पुष्कळ वर्षांनी कळलं, आईच्या मयतीला, पॅकीच्या तोंडून, आणि तेही पॅकीला तीन ग्लास चढल्यावर. तोवर तिची चार पुस्तकं आली होती. ती तशीच उठून मॅलकीकडे गेली. तो अंगणात आलेल्या लोकांच्या सायकली नीट लावत होता.

"गोष्टी काय, लोकांच्याच होत्या," तो म्हणाला. "मी तरी कुठून आणल्या?" आणि आणखी एक सायकल उचलून भिंतीला लावली.

*

हॉल भरला होता. ड्रमअस्लात फुकटचा कार्यक्रम आणि वर चहा म्हटल्यावर तो भरणारच, पण लोक खुर्च्या ओढून पुढेही सरकले होते आणि ते इथे सहसा होत नाही. दारापाशी ओल्या कोटांचा वास साचला होता. संस्थेचं काम बघणाऱ्या अट्रॅक्टाबाई, शाळेतून निवृत्त झालेल्या आणि ते अजून न पटलेल्या, स्टेजवर रेकॉर्डर मांडत होत्या. सकाळचाच तो, संस्थेच्या मालकीचा. आता त्याला तीन पायांचं स्टँड मिळालं होतं आणि त्यामुळे तो जरा आढ्यतेखोर दिसत होता.

"एक शब्द वाया जायचा नाही," अट्रॅक्टाबाई म्हणाल्या. "सगळं संग्रहात जाणार आहे."

"खोकले पण?" डिम्पनानं विचारलं.

"खोकले मी कापून टाकते."

दुसरा साहित्यदूत लॉर्कन डिव्ही डब्लिनचा कवी होता, गोल पोटाचा, आणि त्यानं आल्याआल्या सँडविचेसच्या टेबलाची पाहणी करून घेतली होती. तो वाकून म्हणाला, "महामहिम, अंड्याची संपत आलीत. राजनैतिक दबाव आणता येईल का?"

"हॅमची खा."

"हॅमची खाऊनच सांगतोय."

लॉर्कननं आधी कविता वाचल्या. डब्लिनच्या बसवरची एक होती, तिला लोक मनापासून हसले, कारण डब्लिनची फजिती झालेली इथे कुणालाही चालते. टाळ्या थांबल्या तेव्हा त्यानं हॉलभर नजर फिरवली आणि म्हणाला, "हाक माझी आहे ना? मग त्या कोपऱ्यातल्या गृहस्थांना. चेहऱ्यावरून गाणारे वाटतात." तो पॅकी मुलवी होता. पॅकी उठला, डोळे मिटले आणि अमेरिकेला गेलेल्या आणि परत न आलेल्या एका मुलाचं लांबलचक गाणं म्हणाला. शेजारच्या बाईनं त्याचा हात हातात घेऊन कडव्याकडव्याला हलवत ठेवला होता, विहिरीचा रहाट फिरवावा तसा. गाणं संपलं तेव्हा दोन-तीन जणांनी नाक पुसलं.

"डिम्पना," पॅकी म्हणाला. "तुझ्याशिवाय कोण?"

ती स्टेजवर गेली आणि पुस्तक उघडलं. तिनं वडिलांवरचं पान निवडलं होतं. तिच्या सगळ्या पुस्तकांत वडील येत, वेगवेगळ्या नावांनी, पण नेहमी तसेच: खिडकीपाशी बसलेले, न बोलणारे, न हसणारे. ती नऊ वर्षांची असताना ते गेले होते. त्याआधीची त्यांची दोन-तीन वर्षंच तिला आठवत, त्यामुळे तिच्याजवळ दुसरे वडील नव्हतेच. तिनं मान खाली घालून वाचलं. एकदाही वर पाहिलं नाही. वाचण्यासाठी वर पाहावं लागत नाही, म्हणून तर तिनं हा धंदा पत्करला होता. शेवटचं वाक्य झालं, तिनं पुस्तक मिटलं, भरपूर टाळ्या पडल्या, आणि ती खाली येऊन आपल्या खुर्चीत बसली.

टाळ्या थांबल्या. हॉल शांत झाला आणि शांतच राहिला.

तिला वाटलं, आता अट्रॅक्टाबाई आभार मानतील. पण अट्रॅक्टाबाई तिच्याचकडे पाहत होत्या. पॅकी तिच्याकडे पाहत होता. लॉर्कन बुटाच्या टोकाकडे पाहत होता. कुणी खुर्ची हलवली नाही, कुणी कोटाला हात घातला नाही. डिम्पनाला कळेना की आपलं काय चुकलं. तिचा चेहरा तापला. बाकड्याखाली असताना तापायचा तसाच.

"हाक तुझ्याकडे आहे गं," मागून कुणीतरी म्हणालं. आवाज खरखरीत होता, कौल घासल्यासारखा. "शहरात राहून तेवढंही विसरलीस होय?"

लोक हसले, सुटल्यासारखे. ती वळली. मॅलकी शेवटच्या रांगेत, दारापाशी, टोपी गुडघ्यावर ठेवून बसला होता. तो हसत नव्हता.

तो गप्प बसला असता तर काही बिघडत नव्हतं. हाक कुणीतरी उचललीच असती. डिम्पनानं त्याच्याकडे पाहिलं. गेल्या कित्येक वर्षांत या गावातल्या कुणीही जे नाव घेतलं नव्हतं, ते तिनं घेतलं.

"मॅलकी गॅरिटी."

पॅकीनं मान खाली घातली. दाराजवळचा एकजण मॅलकीला वाट देण्यासाठी बाजूला झाला, बाहेर जाण्यासाठी, पीट आणण्यासाठी.

मॅलकी उठला. त्यानं टोपी खुर्चीवर ठेवली आणि दाराकडे न जाता तो पुढे आला, सावकाश, खुर्च्यांच्या पाठींना हात लावत. स्टेजवर चढला नाही. खालीच उभा राहिला. मग त्यानं वर रेकॉर्डरच्या लाल दिव्याकडे पाहिलं, आणि पाहतच राहिला.

डिम्पनाला समजलं. समजलं नसतं तर बरं झालं असतं असंही तिला त्या क्षणी वाटलं. ते यंत्र तिनं हट्टानं इथवर आणलं होतं. या आवाजासाठी तिनं एक नाट्यगृह रद्द केलं होतं. गुरुवारनंतर जगात हा आवाज कुठेही असणार नव्हता, फक्त त्या छोट्या डबीत असू शकला असता, आणि ती म्हातारपणी, कधीही, बटण दाबून तो ऐकू शकली असती. ती उठली, स्टेजवर गेली आणि तिनं बटण दाबलं. दिवा विझला.

"अहो, हे काय!" अट्रॅक्टाबाई अर्ध्या उठल्या. "संस्थेसाठी हवंय ते!"

"संस्थेची दूत मी आहे ना?" डिम्पना म्हणाली. "मग मी सांगते. नको."

ती खाली येऊन बसली आणि मॅलकीनं गोष्ट सांगितली.

ती गोष्ट इथे लिहिलेली नाही. का, ते पुढे कळेल. एवढं सांगायला हरकत नाही की तिच्यात शॅनन नदीचा पूर होता, एका पाद्र्याची हॅट होती आणि एक बकरी होती. आणि तिच्यात त्यांचे वडील होते, तिशीतले, खांद्यावर लहानग्या मॅलकीला घेतलेले, पुराच्या पाण्यात छातीपर्यंत उभे राहून असे हसणारे की पलीकडच्या काठावरच्या लोकांना वाटलं माणूस वेडा झाला. मॅलकीचा घसा मध्येच बसे, मग तो थांबे, हातांनी पुढचं सांगे. हात जुनेच होते. पुढच्या रांगेतल्या बायकांनी पाय वर घेतले. पॅकी एवढा हसला की त्याला पाठीत थोपटावं लागलं.

डिम्पना हसली आणि रडलीही, आणि तिनं ते लपवलं नाही. तिच्या वडिलांना तिनं कधी हसताना पाहिलं नव्हतं. पाच पुस्तकांतून तिनं त्या माणसाला खिडकीपाशी बसवून ठेवलं होतं, आणि तो इथे पाण्यात उभा राहून हसत होता.

गोष्ट संपली. मॅलकी टाळ्या थांबायची वाट पाहत उभा राहिला. तो काही विसरला नव्हता.

"हाक माझी," तो म्हणाला. "डिम्पना गॅरिटी."

"पण त्यांचं झालं की," लॉर्कन पुटपुटला. "आत्ताच वाचलं त्यांनी."

"वाचलं. सांगितलं कुठे?"

डिम्पना उभी राहिली. हातात पुस्तक नव्हतं आणि हातांचं काय करावं ते तिला कळेना. सगळं गाव समोर होतं. तिनं तोंड उघडलं. मग मिटलं. मॅलकी तिच्याजवळ आला, पॅकीचा हात त्या बाईनं धरला होता तसा त्यानं तिचा हात धरला आणि थोडा वेळ नुसता धरून ठेवला. मग लोकांकडे वळला.

"राखून ठेवा तिची हाक," तो म्हणाला. "पुढच्या वर्षापर्यंत. पण हीच गोष्ट. आणि तोंडानं."

म्हातारी माणसं होती त्यांना ते शब्द ओळखीचे वाटले. मागच्या बाजूला कुणीतरी काठीनं जमीन वाजवली, चिमट्यानं चूल वाजवावी तशी.

*

दोघं गाडीतून घरी परतत होती. काचेवर भुरभुर पाऊस होता.

"इतकी वर्षं का नाही सांगितलीस ही?" तिनं विचारलं.

"आई होती तोवर सोय नव्हती. ती बकरी स्लायगोच्या लोकांनी चोरली असं आई मरेपर्यंत समजत होती. ही ऐकली असती तर खरं कळलं असतं." तो आता कुजबुजत होता, घसा पार गेला होता. "आणि आई गेली तोवर तू लेखिका झाली होतीस."

"मी लिहिली नसती."

"लिहिली असतीस. छान लिहिली असतीस." त्यानं काचेवरचं बाष्प बाहीनं पुसलं. "कागदावर गेली की गोष्ट मरत नाही, ते खरंय. पण मग ती कुणाला सांगावी लागत नाही. ही एक तरी सांगावी लागू दे."

गुरुवारपर्यंत दोघं स्वयंपाकघरात बसली. ती सांगायची, तो ऐकायचा आणि मान हलवायचा. नाही, हॅट आधी. नाही, इथे थांब, लोकांना हसू दे. अगं, बाबा असे उभे नव्हते, असे. बोलणं जिवावर आलं की तो चमच्यानं कपाची कड वाजवायचा. एकदा चमचा, म्हणजे चूक. ती वैतागायची.

"तुला माहितीये का, मला बक्षिसं मिळालीत."

"बक्षिसं असतील. बकरी कुठेय? बकरी विसरलीस बघ पुन्हा."

बकरी ती पहिल्या दिवशी दरवेळी विसरली. दुसऱ्या दिवशी एकदाच. नंतर नाही.

गुरुवारी सकाळी गॉलवेला त्याला चाकांच्या खाटेवरून आत नेलं तेव्हा ती दारापर्यंत बरोबर चालली. नर्सनं सांगितलं, काही बोलायचं असेल तर बोला. डिम्पनानं त्याच्या अंगावरचं पांघरूण नीट केलं. मॅलकीनं तिला खुणेनं जवळ बोलावलं. ती वाकली.

"बकरी विसरू नकोस," तो म्हणाला.

*

पुढच्या नोव्हेंबरात कंदीलवाल्यांनी कार्यक्रम पुन्हा ड्रमअस्लातच घेतला. यंदाचे दूत दुसरे होते, दोन तरुण मुली आणि एक नाटककार, आणि त्यांनी छान वाचलं. अट्रॅक्टाबाईंनी रेकॉर्डर मांडला होता. तो त्यांनी पॅकीचं गाणं संपल्यावर, कुणी न सांगता, स्वतःच बंद केला आणि पिशवीत टाकला.

मॅलकी पहिल्या रांगेत होता. गळ्याभोवती रुमाल, दोन्ही हात काठीवर. वजन उतरलं होतं, पण रंग चांगला होता. लोक त्याच्याशी उगाच मोठ्यानं बोलत, जणू त्याचे कानच गेले होते, आणि तो डोळे फिरवून बहिणीकडे पाही.

"डिम्पना," पॅकी म्हणाला. "एक हाक राखलेली आहे."

ती उठली. पुस्तक आणलं नव्हतं. पर्सही खुर्चीवर ठेवली. वर्षभर तिनं ती गोष्ट डब्लिनमध्ये भांडी घासताना म्हटली होती, बसस्टॉपवर म्हटली होती, समुद्रकाठी चालताना एका अनोळखी कुत्र्याला सांगितली होती. एक शब्द लिहिला नव्हता. लेखणीला हात जाई तेव्हा ती उठून खिडकी उघडे.

तिनं सुरुवात केली. पहिली वाक्यं फारच हळू आली आणि मागून कुणीतरी "मोठ्यानं!" म्हणालं. तिनं मान वर केली. सगळ्यांचे चेहरे दिसत होते आणि त्याचं काही वाटलं नाही. पूर आला. पाद्र्याची हॅट आली आणि लोक हसले, तिनं त्यांना हसू दिलं. मग वडील आले, मुलाला खांद्यावर घेऊन, आणि पाण्यात पाय टाकते झाले. मॅलकीचे ओठ तिच्याबरोबर हलत होते, आवाज नसलेले.

"आणि आमचे बाबा छातीइतक्या पाण्यात गेले," ती म्हणाली, "आणि मागे वळून त्यांनी काठाकडे पाहिलं," आणि थांबली. जरा जास्तच थांबली.

पहिल्या रांगेत काठी जमिनीवर आपटली. एकदा, खणखणीत.

सगळा हॉल हसला. मॅलकी भुवया उंचावून तिच्याकडे पाहत होता, काठी उचललेली, पुन्हा आपटायच्या तयारीत.

"हां, हां. बकरी राहिली," डिम्पना म्हणाली, आणि नदीतून मागे फिरून तिला घेऊन आली.